बाहेर काय?

मार्च आला की आमच्या गल्लीत झाडू मारण्याला अर्थ उरत नाही. सकाळी अंगण लोटावं, तर दुपारपर्यंत कडुनिंबानं पुन्हा पिवळ्या पानांचा थर टाकलेला. ऊन अजून पुरतं तापलेलं नसतं, पण पत्र्याला त्याची बातमी आधी लागते. दहावीची पोरंपोरी पारदर्शक पाऊच छातीशी धरून, ओठ हलवत, कुणाकडं न बघता चाललेली असतात. लोकांना या दिवसांत मोहराचा वास आठवतो म्हणे. माझ्या पोटात गोळा येतो. दहावी होऊन वर्षं झाली, नोकरी लागली, तरी येतो. नुसती पेपरची भीती असती तर केव्हाच गेली असती.

या वर्षी तो जरा लवकर आला. मी संध्याकाळी ज्या पत्र्याच्या शेडमध्ये कराटे शिकवते, तिथं गेल्या आठवड्यात ओळ उभी राहिली आणि मी रोजच्यासारखं विचारलं, "बाहेर काय?" ओळीनं रोजच्यासारखं उत्तर दिलं, "काही नाही, मॅडम." एका मुलीचे ओठ मात्र हलले नाहीत. प्रांजल तिचं नाव. नववीत आहे, हिरवा बेल्ट आहे. ती खाली बघत एक पाऊल पुढं आली.

हा आमच्या क्लासचा रिवाज आहे. शेळके सरांनी पाडलेला. सर वाळूजच्या एका कंपनीत पहिल्या पाळीला जायचे आणि संध्याकाळी क्लास घ्यायचे. आता गुडघ्यांमुळं ते फक्त येऊन खुर्चीत बसतात आणि माझ्या चुका मोजतात. वर्ग सुरू व्हायच्या आधी, वाकून नमस्कार करायच्याही आधी, सर ओळीला विचारायचे, बाहेर काय? म्हणजे शाळेत, ट्यूशनला, गल्लीत कुणी डिवचलं का, अंगावर आलं का, कराटे शिकतोस तर ये दाखवतो म्हणालं का. असं ज्याच्यासोबत झालं असेल त्यानं पुढं यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. सांगून झालं की सर एकच प्रश्न विचारायचे. भीती वाटली का?

'नाही' म्हणणाऱ्याला सर रागवायचे नाहीत. त्याला फक्त तिथंच उभं ठेवायचे. बाकी ओळ पंच मारायला लागायची, किक मारायला लागायची, आणि तो मधोमध खांबासारखा उभा. 'वाटली' म्हणाला की परत ओळीत. एक दांडगा पोरगा असाच पूर्ण तासभर उभा राहिलेला मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, वाटली सर, लई वाटली. सर म्हणाले, मग काल का नाय सांगितलं, पाय दुखले ना फुकट.

दुसरा नियम सगळ्यांना पाठ होता. बाहेर हात उचलला, तर बेल्ट काढून घेणार आणि पांढऱ्यापासून सुरुवात. मग चूक कुणाचीही असो.

लोकांना वाटतं, कराटे शिकणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही. मला हे म्हणणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून त्याला कुठल्याही शाळेच्या गेटवर शाळा सुटताना नेऊन उभं करावंसं वाटतं. कुणी पोहायला शिकत असेल तर त्याला रस्त्यात अडवून पोहून दाखव असं कोणी म्हणत नाही. तबला शिकणाऱ्याच्या डोक्यात टपली मारून 'वाजव की' म्हणत नाही. पण पोरानं पांढरे कपडे घातले की साऱ्या गल्लीला त्याची परीक्षा घ्यायची असते. आणि पोरगी असेल तर विचारूच नका. तिला भर चौकात सांगतात, मार मला, बघू. पुन्हा हेच लोक सभेत भाषणं करतात की मुलींनी स्वसंरक्षण शिकलं पाहिजे. शिकलं. आता तुमच्या पोरांनी काय शिकायचं ते कधी सांगणार?

माझा सूर चढतो, ते मला कळतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत, बाबा शहागंजातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले ती 'बंधू आणि भगिनींनो' पासून. गणितं सोडवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. 'जाब विचारा' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी लिहिता येत होते, असं आई पाहुण्यांना कौतुकानं सांगते. त्या कागदांना शाईचा आणि थोडा रॉकेलसारखा वास यायचा, आणि तो वास म्हणजे धैर्याचा वास अशी माझी समजूत होती. पत्रकात कुणी घाबरत नाही. तिथं 'घाबरू नका' असतं. घाबरल्यावर काय करायचं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

ते मला नाझनीनमुळं कळलं.

नाझनीन माझ्याच वर्गातली. आम्ही दोघी एकाच दिवशी क्लासला लागलो आणि दोघींचे बेल्ट सोबत बदलत गेले. तिच्या अब्बूंचं शहागंजातच ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. बाबांचा छापखाना त्याच रांगेत, म्हणून अब्बूंनी तिला पाठवलं. पण एका अटीवर. ती अट नाझनीन त्यांचा आवाज काढून सांगायची, "सीखो बेटा, मना नहीं. मगर बात बाहर नहीं जानी. जिस दिन मोहल्ले में तमाशा हुआ, उस दिन से बंद." त्यामुळं ती क्लासचे कपडे शाळेच्या दप्तरात तळाला, जुन्या ओढणीत गुंडाळून आणायची. शेडमध्ये आली की वेगळीच. तिचा उलटा पंच, म्हणजे मागच्या हाताचा, इतका सरळ यायचा की समोरच्याला तो दिसायच्या आधी त्याचा वारा लागायचा. गुडघे मोडून टाचांवर बसायची आमची बैठक तिला घरचीच होती, नमाजातली. माझ्या पायाला मुंग्या यायच्या आणि ती शेजारी बसून गालातल्या गालात हसायची.

त्या वर्षी दहावी संपली की एप्रिलमध्ये आमची काळ्या बेल्टची परीक्षा होती. बोर्डाच्या वेळापत्रकाखाली आम्ही तिची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. नाझनीन म्हणायची, वरचे सगळे पेपर ह्या खालच्यासाठी.

क्रांती चौकाजवळ आमची ट्यूशन होती. जिन्याखाली सायकली, समोर ज्यूसचं दुकान. तिथं ओंकार नावाचा एक मुलगा असायचा. बारावीचा, जिमला जाणारा, बाह्या दुमडलेला. वाईट मुलगा होता असं मी म्हणणार नाही. पावसात ट्यूशनची पायरी झाडताना मी त्याला पाहिलं होतं. आम्ही कराटे शिकतो हे त्याला कुठूनतरी कळलं आणि त्याचा खेळ सुरू झाला. आधी हात जोडून 'वाचवा वाचवा' करायचा. त्यावर आम्हीही हसायचो. मग म्हणायला लागला, एक पंच मार फक्त, मी काही करणार नाही. मग सायकलपुढं उभा राहायला लागला. त्याच्या दोस्तांच्या हातात मोबाइल असायचा. ओंकार रोज थोडा अजून जवळ उभा राहायचा, आणि कालच्यापेक्षा किती जवळ, हे अंग आपोआप मोजायचं. त्या दिवसांत ज्यूसच्या मिक्सरचा आवाज आला तरी माझे पाय पेडलवर थांबायचे, कारण तो आवाज आला म्हणजे कोपरा जवळ आला.

आम्ही सरांना सांगितलं नाही. रोज ओळीत उभ्या राहून 'काही नाही' म्हणायचो. सांगितलं असतं तर सरांनी विचारलं असतं, घरी माहीत आहे का, आणि तिथून अब्बू दोन पावलांवर.

भूमितीचा पेपर देऊन आलो त्या दुपारचं. उन्हानं रस्ता पांढराफटक दिसत होता. आम्ही सायकली काढत होतो आणि ओंकार समोर आला. नाझनीनच्या बरोब्बर पुढं, हातभर अंतरावर, पाय रोवून. म्हणाला, "चल."

पुढं जे घडलं ते फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून घडू शकतं. इतकी वर्षं त्या शेडमध्ये कुणीतरी बरोब्बर एवढ्याच अंतरावर येऊन उभं राहायचं आणि 'चल' म्हणायचं. आणि त्यानंतर काय करायचं हे आमच्या अंगात मुरलेलं होतं. नाझनीनचे हात आपोआप मांड्यांजवळ गेले. तिनं कमरेत वाकून ओंकारला नमस्कार केला. सरळ झाली, डावा पाय पुढं गेला, मुठी वर आल्या.

मग तिलाच कळलं आपण काय केलंय, आणि तिनं मुठी अशा खाली घेतल्या जशा काही त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या. तोवर ओंकारचे दोस्त ओरडायला लागले होते. पोरगी तयार आहे, मान्य केलं, वाकून मान्य केलं. ओंकारसुद्धा दचकला होता, मला ते दिसलं. पण दोस्तांसमोर त्याला मागं जाता येईना. तो म्हणाला, "रविवारी. पाच वाजता. पाण्याच्या टाकीच्या मैदानात. आता मागं फिरू नको."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ट्यूशनच्या ग्रुपवर होता. त्याच्यावर कुणीतरी ढोल लावले होते. सायकलीच्या गर्दीत ओढणी घेतलेली एक मुलगी वाकते आणि लढायला उभी राहते, बस एवढाच. 'चल' ऐकूच येत नाही. ज्यानं तो पाहिला त्याला हेच दिसलं असतं की तिनं स्वतःहून बोलावलं.

मी घरी गेले आणि बाबांच्या गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद ओढून लिहायला बसले. वर मोठ्या अक्षरात 'जाहीर निषेध'. सगळं लिहिलं, रस्ता कुणाच्या बापाचा आहे इथपर्यंत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळापाशी नाझनीनला दाखवलं. तिनं पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"मुक्ता, तू काही लिहू नको," ती म्हणाली. "लिहिलं की माझं नाव येतं. नाव आलं की मग ते माझं राहत नाही."

मी म्हणाले, मग फक्त त्याचं नाव घालते.

"तेच तर. त्याचं नाव घाल नाहीतर माझं. दोन्ही नावं शेजारी ठेवून बघ ना."

मी बघितलं. आणि मला आमच्या शहरात लहानपणापासून ऐकलेला एक आवाज आठवला. बाजारात कुठंतरी काहीतरी होतं, काय ते कुणाला माहीत नसतं, आणि एकामागून एक दुकानांची शटरं खाली यायला लागतात. तो आवाज रस्त्याच्या एका टोकाकडून येतो आणि आपल्या अंगावरून पुढं जातो. नाझनीनचा चुलतभाऊ मोबाइलच्या दुकानात काम करायचा. त्यानं व्हिडिओ पाहिला तर तो रविवारी एकटा जाणार नव्हता. ओंकारही एकटा येणार नव्हता. मग मैदानात कराटे उरलं नसतं, मुलगी उरली नसती आणि मुलगाही. राहिली असती दोन नावं.

मधले पेपर मी कसे दिले मला आठवत नाही. नकाशात नद्या भरताना माझा हात थांबायचा. बाहेर मोटारसायकल जोरात गेली की वाटायचं, रविवार आजच आहे. जेवताना आईनं ताटात भाकरी टाकली तरी दचकायचे. आई म्हणायची, अभ्यासाचा ताण आहे. आणि याच बाईनं मोर्चात पोलिसांच्या काठीसमोर उभं राहायचं मला शिकवलं होतं, तरी मला तिला सांगता आलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी ट्यूशनसमोर पन्नास बायका उभ्या केल्या असत्या. तेही एक भय होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सरांनी विचारलं, बाहेर काय? मी तोंड उघडलं 'काही नाही' म्हणायला, आणि शेजारून नाझनीन पुढं निघून गेली.

तिनं सगळं सांगितलं. न रडता, पाढे म्हटल्यासारखं. आपण वाकलो तेही सांगितलं. लहान पोरांतला एक जण खुदकन हसला, सरांनी नुसतं बघितलं. मग विचारलं, भीती वाटली का?

"वाटली, सर. अजून वाटतेय."

एरवी इथं संपायचं. पण सर म्हणाले, "कशाची?"

मला वाटलं ती अब्बूंचं नाव घेईल. तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

"सर, मी वाकायचं ठरवलं नव्हतं. आपोआप वाकले. मुठी पण आपोआप आल्या. तो अजून एक पाऊल पुढं आला असता ना, तर पुढचं पण आपोआपच झालं असतं." तिनं उजवी मूठ डाव्या हातानं झाकली. "पंच त्याच्या गळ्यावर लागला असता सर. एवढंच अंतर होतं. मला त्याची भीती वाटती."

तोपर्यंत मी समजत होते की भीती म्हणजे आपल्याला कुणी मारेल याची. आपल्या हातून कुणी मरेल याची भीती बाळगणारी ती सोळा वर्षांची मुलगी माझ्यापेक्षा किती पुढं होती, हे मला त्या शेडमध्ये कळलं नाही. पुढं कधीतरी, स्वतः पोरांना पंच शिकवताना कळलं.

सर तिला ओळीत जा म्हणाले नाहीत. स्वतः तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि वाकले. मग म्हणाले, "रविवारी पाचला मैदानात जायचं नाय. पाचला इथं यायचं. दोघी. कपडे घालून, बेल्ट बांधून. आणि घरी तुझ्या तोंडानं कळायला पाहिजे, मोबाइलच्या नाय."

ती म्हणाली, सांगते. शनिवारी तिनं सांगितलं नाही. तीन वेळा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आली, असं मला रविवारी शेडच्या दारात सांगितलं. अब्बू गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होते, हे तिचं कारण होतं.

तो रविवार. दार आम्ही अर्धवट लोटलं होतं. पत्रा इतका तापला होता की वरून कुणी बोट टेकवलं असतं तर भाजलं असतं. खाली निळी ताडपत्री, तिच्यातून येणारा गरम प्लास्टिकचा वास. सर समोर बसलेले, आम्ही दोघी टाचांवर, मुठी मांडीवर. सरांनी डोळे मिटायला सांगितलं. पानं गळून पत्र्यावर पडत होती, त्यांचा आवाज तर यायचा नाही, पण वारा आला की ती सगळी मिळून सरपटायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं कुणीतरी वर चढलंय.

पाच वाजले. दप्तरात माझा फोन थरथरायला लागला. आईचा जुना फोन होता तो. थांबायचा आणि परत थरथरायचा. न बघताही मला प्रत्येक मेसेज वाचता येत होता. कुठंय. आली नाही. पळाली. घाबरली. माझं सगळं अंग उठून दार उघडून त्या मैदानाकडं पळत जायला बघत होतं. पत्रकांमधली सगळी वाक्यं एकदम ओरडत होती, उठा, उठा. बसून राहणं इतकं अवघड असतं हे कुणी मला सांगितलंच नव्हतं. मी डोळे किलकिले करून शेजारी पाहिलं. नाझनीनच्या मुठी घट्ट होत्या आणि त्यांच्यावर टपटप घाम पडत होता. किंवा घाम नसेल.

आणि मग मोटारसायकल आली. गल्लीत वळली, जवळ आली, आणि शेडसमोर बंद झाली.

सरांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. बाहेर स्टँड लावल्याचा आवाज. चपला खडीवर वाजत आल्या. मला वाटलं, ते इथं आले. नाझनीननं माझ्याकडं पाहिलं. इतकं घाबरलेलं तोंड मी त्यानंतर कुणाचं पाहिलेलं नाही, आणि तिला माझं तसंच दिसलं असणार. ती कुजबुजली, "मुक्ता, मेरे हाथ पकड."

मी तिचे दोन्ही हात धरले. दार ढकललं गेलं. उन्हात एक उंच आकृती. अब्बू होते. हातात मोबाइल.

ओंकारची पोरं आली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. नाझनीनचे हात एकदम गार पडले.

अब्बूंनी आत पाहिलं. आम्ही अनवाणी आहोत हे पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या. सर उठून उभे राहिले आणि आमच्या पद्धतीनं वाकले. अब्बूंना काय करावं कळलं नाही. त्यांचा हात कपाळाशी गेला. तसेच पुढं आले आणि ताडपत्रीवर पाय पडताच खाली बघून म्हणाले, "ये तो अपनी दुकान की है."

सर म्हणाले, "व्हय. तुमच्याच दुकानातून आणली होती. अजून टिकून आहे."

अब्बू नाझनीनसमोर बसले, मांडी घालून. फोन तिच्यासमोर धरला. ढोल वाजले, बंद झाले.

"झुकी कायकू?"

ती हळूच म्हणाली, "आदत है, अब्बू. सामने वाले को सलाम करकेच शुरू करते. मैं लड़ने को नहीं बोली. सच्ची."

"और आज? सारे लड़के वहाँ खड़े हैं बोलते. तू नहीं गई?"

"नहीं गई."

"डर लगा?"

सरांनी मान वर केली. तो त्यांचा प्रश्न होता, आणि तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडून येत होता. मी नाझनीनचे हात अजून सोडले नव्हते.

"हौ, अब्बू. बहुत."

अब्बूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. किती वाजेपर्यंत बसायचंय, त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, अंधार पडेपर्यंत बसू, तोवर पोरं कंटाळून जातील. अब्बूंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, गुडघे मोडले आणि आमच्यासारखे टाचांवर बसले, दाराकडं तोंड करून. आमच्या आणि दाराच्या मध्ये. मग कितीतरी वेळ मला त्यांची घामानं भिजत जाणारी पाठ दिसत होती. गल्लीत गाडी आली की ती पाठ ताठ व्हायची. तेव्हा मला कळलं की त्या शेडमध्ये आम्ही चौघंही घाबरलेलो होतो.

कुणी आलं नाही.

त्यानंतर ट्यूशन संपेपर्यंत आम्ही दोघी पळपुट्या होतो. ट्यूशनच्या जिन्यावर आमच्यामागं पाय आपटून पळाल्याचे आवाज काढले जायचे. ते आवाज ऐकत खाली उतरणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, कुठल्याही मोर्च्यापेक्षा अवघड. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. अब्बू तिला सोडायला आले, दारात बसून राहिले आणि घेऊन गेले. काळा बेल्ट घरी न्यायला मात्र त्यांनी नको म्हटलं. तो सरांच्या कपाटात राहिला. अकरावीला नाझनीनचा क्लास बंद झाला, भांडण न होता. एका संध्याकाळी ती आली नाही, दुसऱ्याही नाही. व्हिडिओमुळं की कॉलेजमुळं, मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. आता ती जालन्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे जखडलेले खांदे मोकळे करते. फोनवर म्हणाली होती, हात अजून आपोआप चालतात, फक्त आता लोक दुवा देतात.

ओंकार मला मागं एकदा पेट्रोल पंपावर भेटला. पाठीवर पार्सलची मोठी बॅग. ओळख दाखवून हसला आणि म्हणाला, "काय मॅडम, ती तुमची मैत्रीण अजून खेळते का कराटे?" एवढ्या मोकळेपणानं, की माझ्या तोंडून 'नाही' एवढंच आलं. त्याच्यासाठी ती एक दुपार होती. गंमत करणाऱ्याच्या वाट्याला गंमत येते आणि विसरून जाणंही त्यालाच मिळतं. याच्यावर मी हजार पत्रकं लिहू शकते. लिहीनही.

पण गेल्या आठवड्यात प्रांजल पुढं आली तेव्हा मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. तिनं सांगितलं. शाळेतल्या दोघीजणी, त्यांचे भाऊ, शनिवारी संध्याकाळी बागेमागं बोलावलंय, नाही आली तर व्हिडिओ टाकणार, कसला व्हिडिओ ते ती बोलली नाही. सर खुर्चीत बसून ऐकत होते. मी विचारलं, भीती वाटली का?

"नाही, मॅडम," प्रांजल म्हणाली. हनुवटी वर, डोळे कोरडे. मी तिच्या वयात आरशासमोर हेच तोंड करून बघायचे.

मी तिला तिथंच उभं ठेवलं. ओळ सुरू केली. पंच, परत पंच. वरून पानं सरपटत होती. मी मोजत होते आणि माझाच आवाज मला लांबून येत होता, कारण माझ्या पोटातला गोळा वर चढला होता आणि मला माहीत होतं, आता व्हिडिओ पोचायला संध्याकाळ लागत नाही. या मुलीच्या घरी कोण कुणाच्या आधी काय बघेल, मला माहीत नव्हतं. मी काही शेळके सर नाही.

मग मी मोजायचं थांबवलं, पुढं जाऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि वाकले. इतक्या जवळून मला तिच्या ओठांचं थरथरणं दिसलं.

"वाटली," ती म्हणाली. अगदी बारीक. "मॅडम, लई वाटती."

"मला पण," मी म्हणाले. "शनिवारी किती वाजता बोलावलंय?"

"सहाला."

"मग सहाला इथं ये. मी पावणेसहाला दार उघडते. आणि आता क्लास सुटला की तुझ्या घरी आपण दोघी जाऊ. सांगायचं तू, मी फक्त शेजारी उभी राहते."

तिनं मान हलवली आणि ओळीत गेली. खुर्चीतून सरांनी माझ्या पायांकडं बोट दाखवलं. मी खाली बघितलं. डावा पाय पुढं गेला होता, आपोआप. मी तो मागं घेतला.